मधात गियर येते

आमच्या मामेसासऱ्यांच्या, म्हणजे बायकोच्या मामांच्या मते जगात गाडी अशी एकच झाली आणि ती अमडापूरला त्यांच्या अंगणात उभी आहे. तिच्यानंतर रस्त्यावर जे आलं तो सगळा पत्रा. मलई रंगाची, गोल पोटाची, पुढे बाकासारखी सलग सीट आणि गियरचा दांडा स्टिअरिंगलाच. नाव सांगायची गरज नाही, तुमच्या डोळ्यांपुढे ती आलीच असेल. लग्नाला गेले की मामा आधी मांडवात शिरत नाहीत. माठ वाजवून घ्यावा तसे पाहुण्यांच्या नव्या गाड्यांच्या टपांवर टकटक करत फिरतात आणि खिन्नपणे म्हणतात, "पापड हाये." माझ्या गाडीचाही पापड त्यांनी झाडून सगळ्या सासरवाडीसमोर केला आहे. एकदा सीटबेल्टसाठी ती टुंगटुंग करू लागली, तर "आता गाडी मले हुकूम सोडंन काय?" म्हणून ते दार उघडून खालीच उतरले. पुढे उंद्रीच्या एका लग्नात माझ्या चावीतला सेल संपला. मी भर मांडवासमोर बटण दाबतोय आणि गाडी ढिम्म. मामांना कोण आनंद झाला. "चाबी हातात, गाडी समोर, अन् मालकालेच वयखत नाई. माही गाडी मले खोकल्यावरून वयखते," म्हणाले आणि आम्हा सगळ्यांना आपल्या गाडीत कोंबून घरी घेऊन आले.

आता खरं सांगायचं, तर ही भरवशाची गाडी लांबच्या प्रत्येक फेरीत बंद पडते. मामींचं माहेर हिवरा आश्रम. चिखली सोडून मेहकरच्या रस्त्याला लागलं, की एका चढावर ती वाफ सोडून उभी राहते. मामांना विचाराल तर ती बंद पडलेली नसते, "दम खाऊन राह्यली" असते. चढावरचा चहावाला तिला लांबून पाहूनच आधण ठेवतो आणि पाण्याची बादली भरतो. मामी तर घरूनच मेथीची जुडी घेऊन निघतात. इंजिन थंड होईपर्यंत त्या सलग सीटवर मामांना टेकून त्या मेथी निवडतात, मामा देठं खिडकीबाहेर टाकतात आणि माहेरी पोचल्यावर भावजयीच्या हातात निवडलेली भाजी पडते. एवढा भरवसा माझ्या गाडीचा मला कधी वाटला नाही.

यंदा मामींच्या पाठीचं दुखणं फार वाढलं. धक्के बंद, नाहीतर प्रवास बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तिकडे हिवऱ्याला त्यांचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळलेला. मामांनी वाद घातला नाही. जाऊन गुपचूप नवी गाडी घेऊन आले आणि तिच्या टपावर साधी टकटकही केली नाही. एरवी त्यांना हरवायला टपलेला मी, पण असं जिंकणं मला गोड लागेना. मग एक दिवस त्यांचा फोन आला.

"जवाईबापू, हिवऱ्याले जायचं हाये. गाडी तुमी चालवा."

"काऊन मामा, तुमाले जमत नाई का?"

"जमते. पन मधात गियर येते."

जन्मात दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग न दिलेला तो माणूस परवा मागच्या सीटवर मामींना चिकटून बसला होता. मामींच्या मांडीवर सवयीने आणलेली मेथीची पिशवी. गाडी पाण्यासारखी चालली होती. तो चढ आला, तर तिला कळलासुद्धा नाही. आरशात मला मामी दिसत होत्या. त्या पिशवीवर हात ठेवून चहाच्या टपरीकडे बघत होत्या.

"थांबवा," मामा म्हणाले. "इंजिन गरम झालं असंन."

मी काट्याकडे पाहिलं. "नाई झालं, मामा."

"झालं म्हन्तो ना."

मी गाडी कडेला घेतली. मामींनी पिशवी उघडली, मामांच्या खांद्याला पाठ टेकली आणि जुडीची दोरी सोडली. पहिली देठं हातात धरून मामा काच उघडायचा दांडा चाचपत राहिले. मी पुढूनच बटण दाबून त्यांची काच खाली केली.