बुशमनांच्या शोधात, लसूणघासावर बसून

तमाम मराठी जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अरबस्तानच्या वाळवंटात बुशमन शोधायला निघालेली पहिली मराठी मोहीम शारजातल्या रोल्ला चौकातून एका शुक्रवारी सकाळी सहाला निघाली आणि सव्वासहाला चहासाठी थांबली.

मोहिमेत तिघे होतो. मोहिमेचा नेता मी. गळ्यात कॅमेरा, डोळ्यांवर गॉगल, पायात ऑफिसचे पॉलिश केलेले बूट. दुसरा माझ्या खोलीतला, माण तालुक्यातला पंचविशीचा धनगर गडी. त्याला इथे धाकटा म्हणू. तिसरा पठाण ड्रायव्हर. दर शुक्रवारी तो पिकअपमधून वाळवंटातल्या गोठ्यांना लसूणघास पोचवायचा. त्या हिरव्यागार भाऱ्यांवर आम्ही दोघे बसलो होतो. मोठ्या संशोधकांना उंट मिळतात, आम्हाला उंटाचा नाश्ता मिळाला.

बुशमनांचं खूळ माझं. शाळेत भूगोलाला कालाहारीतल्या बुशमनांवर धडा होता. ते शहामृगाच्या अंड्यात पाणी साठवतात आणि वाळूतले ठसे वाचून कोण गेलं, कधी गेलं ते सांगतात. त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते. कालाहारी आफ्रिकेत आहे हे मला माहीत होतं हो! पण वाळवंट आहे म्हटल्यावर दोन-चार बुशमन इकडेही असतील, असा माझा हिशेब.

धाकट्याचं काम खरं होतं. त्याचा थोरला भाऊ चार वर्षांपूर्वी इकडे आला होता. एका बड्या अरबाकडे ड्रायव्हर आहे, असं त्याने गावी कळवलं होतं. सोबत फोटो होता: पांढरी लँडक्रूझर, बॉनेटवर ससाण्याचं स्टिकर, आणि बॉनेटवर हात ठेवून थोरला. तो फोटो बघूनच धाकटाही आला. पण थोरल्याचा पत्ता म्हणजे मालकाचा पोस्ट बॉक्स. पोस्ट बॉक्सचं दार कोण ठोठावणार? दोन वर्षं दोघे एकाच मुलखात होते आणि एकदाही भेटले नव्हते. आता आईचं पत्र आलं होतं. तिची नजर जात चालली होती. दोघं एका फोटोत दिसा, दिसतंय तोवर बघून घेते, एवढंच तिने लिहून घेतलं होतं.

आणि फोटो म्हणजे मी! खोलीत कॅमेरा एकट्या माझ्याकडे. त्या काळी गावी पाठवायच्या फोटोचं एक शास्त्र होतं. दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचा सोफा, दुसऱ्याच्या ऑफिसातलं झाड. कुणाला त्यात खोटं वाटत नसे, जसं लग्नात मागून आणलेला कोट घालण्यात वाटत नाही. धाकटा अल क्वोज भागातल्या गोदामात फरशीचे खोके उचलायचा. त्याला मी माझा एकुलता एक टाय बांधून माझ्या ऑफिसातल्या साहेबाच्या फिरत्या खुर्चीत बसवला होता आणि कानाला फोन लावला होता. एक प्रत गावी गेली, एक त्या पोस्ट बॉक्सवर.

धाकट्याने सोबत आणलेला थोरल्याचा फोटो पठाणाला दाखवला, तर त्याला ठिकाणा माहीत निघाला. “एक हिंदी है उधर, पक्का. चुप आदमी,” एवढंच तो म्हणाला होता.

मदाम गावाच्या पुढे डांबर संपलं आणि तासाभराने पिकअप थांबली. पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, तारेचं कुंपण. माणूस नाही, जनावर नाही. मी गाडीतून उडी मारली, टाकीच्या कट्ट्यावर चढलो, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि नाटकात शोभेल अशा आवाजात ओरडलो, “ओ ड्रायव्हरसाहेब! गाडी पुसून ठेवा! फोटो काढायला आलोय! तुमचा मॅनेजर भाऊ आलाय, सूटबूट घालून!”

धाकटा पोट धरून हसला. तो हसला म्हणून मी आणखी दोनदा ओरडलो.

मग आम्ही शेडमध्ये डोकावलो. लोखंडी खाट, काळं पडलेलं चहाचं भांडं, लेंड्यांचा वास. खाटेवर काळी घोंगडी होती. धाकट्याने तिची कड चिमटीत धरून पाहिली.

“ही आमच्या घरची हाय,” तो म्हणाला. आणि दाराबाहेर बघून मला, “भाऊ, हितं गाडी कुठाय?”

मी भिंतीकडे बघत होतो. पत्र्यावर चार कोपऱ्यांना टेप लावून माझा टाय, फिरती खुर्ची आणि कानाला फोन लावलेला धाकटा चिकटवला होता. शेडमध्ये शोभेची तेवढी एकच वस्तू.

तेवढ्यात पांढरी लँडक्रूझर आली. बॉनेटवर ससाणा. तिच्यातून शेडचा मालक उतरला, चामड्यासारख्या चेहऱ्याचा म्हातारा अरब. हातात काठी आणि कॉफीचा थर्मास. इकडचे जुने लोक कामापुरतं हिंदी बोलतात, तसं तो बोलला. त्याने खजूर दिले, कॉफी दिली. मला राहवेना. शहामृगाची अंडी असतात का इकडे, असं मी विचारलंच. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि मला आणखी एक खजूर दिला.

मग तो वाळूकडे बघत काठी धाकट्याकडे रोखून म्हणाला, “ये उसका भाई है.”

“तुम्हें किसने बताया?” मी विचारलं.

“पाँव ने.” त्याने काठी टेकवली. धाकट्याचं उजवं पाऊल वाळूत जरा बाहेर वळलेलं उमटलं होतं. “वो भी ऐसा चलता.”

मी हर्षाने वेडा झालो. सापडला! माझा बुशमन सापडला! मी त्याचा फोटो काढला, ठशांचा काढला, काठीचा काढला. माझा रोल संपत आला होता आणि थोरल्याचा अजून पत्ता नव्हता.

इतक्यात समोरच्या टेकाडावरून बकऱ्या उतरल्या. चाळीसएक असतील. शिस्तीत आल्या आणि टाकीपाशी उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे कुणीच नव्हतं.

म्हातारा उठला. “बकरी आया, आदमी नहीं आया.”

आम्ही त्याच्यामागे टेकाड चढलो. माझ्या बुटांत वाळू भरली होती. वर पोचल्यावर तो वाकला आणि काठी एकेका ठशाशी धरत वाचू लागला, कुणी पत्र वाचून दाखवावं तसं.

“इधर गाड़ी देखा. दौड़ा. बहुत दौड़ा, देखो, वाळू पीछे.” माझ्या कानांनी रेतीचं वाळू केलं असेल, पण मला असंच आठवतं. “भाई को पहचाना. खुश.”

चार पावलं पुढे काठी थांबली.

“इधर खड़ा हुआ. एकदम.”

तिथून टाकीचा कट्टा स्वच्छ दिसत होता. कट्ट्यावरून हाक मारली तर इथे शब्दन् शब्द ऐकू आला असणार.

“इधर बैठा. बहुत देर. ये उसका हाथ.” वाळूत दोन तळवे उमटले होते. “फिर चप्पल हाथ में लिया, गया.”

गॉगल माझ्या डोळ्यांवर होता, ही त्या दिवसातली एकच बरी गोष्ट.

पुढचं आधीच सांगून टाकतो, मग सांगणं माझ्याने होणार नाही. आईला आम्ही फोटो पाठवला. बॉनेटवाला आणि खुर्चीवाला असे दोन फोटो शेजारी चिकटवून मी एका फ्रेममध्ये बसवले. तिने डोळ्यांशी धरून पाहिला म्हणे आणि वाडीभर दाखवला. दोघे भाऊ समोरासमोर आले ते तीन वर्षांनी, तिच्या दहाव्याला.

त्या दुपारी मात्र पावलं दुसऱ्या टेकाडाकडे गेलेली दिसत होती. उजवं पाऊल जरा बाहेर वळलेलं. धाकटा त्यांच्या कडेकडेने चालला, एकाही ठशावर पाय न देता. दहा-बारा पावलांवर थांबला. माझ्यासारखाच हातांचा कर्णा केला आणि त्या मोकळ्या वाळूला ओरडून सांगितलं:

“दादा! माझाबी फोटू खोटाच हाय रं!”