कापूस का जळत होता

"पहिल्या झुरक्याला जळतं की तिसऱ्या?"

मानोंग मेल्चोरच्या, म्हणजे आमच्या मेल्चोरदादाच्या, काउंटरवर कुणी तोंड वाकडं करून आपलं व्हेप आपटलं, की तो आधी एवढंच विचारायचा. पहिल्याच झुरक्याला जळका वास आला, तर वात तारेला नीट टेकलेली नाही. तिसऱ्याला आला, तर ज्यूस वर चढतो पण हळू चढतो, म्हणजे कापूस कोंबून भरलाय. उत्तर ऐकलं की मेल्चोरचं निदान व्हायचं. मग उरलेला वेळ तो गिऱ्हाइकाची अब्रू काढण्यात घालवायचा.

"हा कापूस तू भरलास? उशी शिवायला बसला होतास का रे?"

"नोंग, मोबाइलवर बघून केलं..."

"मोबाइलवर बघून लोक लग्नंसुद्धा करतात. पुढचं निस्तरायला माणूस लागतोच."

एवढंसं तर यंत्र, बॅटरीवरची सिगारेटच. दोन खांबांत आवळलेली तारेची कॉइल, तिच्या पोटातून ओवलेली कापसाची वात, खाली ज्यूस, म्हणजे निकोटीनचं स्वादवालं द्रावण. बटण दाबलं की तार तापते आणि वातीतल्या ज्यूसची वाफ होते. पण एवढ्याशा यंत्रात बिघाड किती होऊ शकतात, हे आमच्या एस्तान्सिया गावात एकट्या मेल्चोरला माहीत होतं. तो कोरडी कॉइल पेटवून डोळे बारीक करून बघायचा. लाली मधून सुरू होऊन दोन्ही टोकांना सारखी गेली पाहिजे. टोकं आधी लाल झाली तर स्क्रू तपासायचे. मध्येच एखादा वेढा एकटा चमकला तर चिमट्याने हलकेच खाजवून त्याला रांगेत आणायचा. "एका वेळी एकच गोष्ट बदल," तो प्रत्येकाला बजावायचा. "सगळं एकदम बदलशील, तर नेमकं काय चुकलं होतं ते जन्मात कळणार नाही."

पूर्वी तो एका गहाणवटीच्या दुकानाबाहेर पहारेकरी होता. हातात बंदुकीपेक्षा सिगारेटच जास्त वेळ असायची. ती सोडायला म्हणून व्हेप धरलं आणि त्यातच अडकला. बायको नोर्मिता म्हणायची, "आधी नुसता धूर होता, आता धुराचं संशोधन चालू आहे." बापाच्या मासेमारीच्या डब्यातली पितळी फिरकी, दोरीला पीळ पडू नये म्हणून गळाला लावतात ती, त्याने ड्रिलच्या समोर बसवली आणि जाड तारेवर केसाएवढी तार गुंडाळायला लागला. वेढ्याला वेढा असा चिकटायचा की मध्ये नख जायचं नाही. त्याच्या कॉइलसाठी इलोइलो शहरातून पोरं चार तास बसने यायची. बसस्टँडमागच्या बेकरीला लागून असलेल्या त्या दुकानाच्या मालकीण मॅडम पेर्पेतुआ. पण दुकान मेल्चोरचं, असंच गाव धरून चालायचं.

मी नगरपालिकेत जन्म-मृत्यूचे दाखले टाइप करतो. दर शनिवारी सकाळी माझी वात बदलून घ्यायला आणि टोमणे खायला तिथे जायचो. दोन्ही वेळेवर मिळायचं.

गेल्या ऑक्टोबरात मला त्याचा अंगठा पहिल्यांदा दिसला. उजवा. हात मांडीवर नुसता पडलेला असताना तो अंगठा बोटावर घासत राहायचा, चिमटीतलं मीठ चोळावं तसा. हात कामाला लागला की थांबायचा, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डिसेंबरात तो काम करतानाही थांबेना. बारीक तारेचा एक वेढा सुटला, मग दुसरा. मेल्चोरने ती कॉइल मुठीत दाबून कचऱ्यात टाकली आणि मी पाहिलं का ते पाहिलं.

"हात गेले तर माझ्यात राहतं काय, तोतो?" तो म्हणाला. मला तो तोतो म्हणतो, म्हणजे बाळ्या. मी सव्वीस वर्षांचा आहे. "टोमणे राहतील. पण टोमण्यांना पगार नसतो."

गावाला निदान करायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पास्मो! तापलेल्या, दमलेल्या हातावर गार पाणी घेतलं की नसा आखडतात आणि हात थरथरायला लागतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी परीक्षेत तीन तास लिहून आलो की आई मला हात धुऊ द्यायची नाही. मेल्चोर सकाळभर तारा गुंडाळणार, तापवणार आणि जेवायला उठला की बेकरीच्या नळाखाली हात धरणार. अजून काय पुरावा पाहिजे?

नोर्मिताने त्याला नसा उतरवणाऱ्या लोला फिदेलाकडे नेलं. त्या म्हातारीने अंगठ्यापासून कोपरापर्यंत नस ओढली, "ही बघ गाठ," म्हणाली आणि पथ्य सांगितलं. कामाला लागल्यापासून सूर्य मावळेपर्यंत हाताला पाणी लावायचं नाही. दिवसातून चार वेळा आल्यात कढवलेलं खोबरेल चोळायचं. नोर्मिताने बाटली त्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि बेकरीवाल्याला दम दिला, "हा नळापाशी दिसला तर मला हाक मारा."

आणि जगाला एका वेळी एकच गोष्ट बदल म्हणणाऱ्या माणसाने एका दिवसात पाणी सोडलं, तेल धरलं, कॉफी सोडली आणि उजव्या कुशीवर झोपणं सोडलं.

"नोंग, आता गुण आला तर कशाने आला ते कसं कळणार?" मी विचारलं.

"आधी गुण तर येऊ दे. श्रेय मग वाटू."

आठवडाभर बरं वाटलंही. निदान तो तसं म्हणायचा.

फेब्रुवारीत जुनरी आला. हा ट्रायसिकल रिक्षा चालवतो आणि तोंड त्याहून जास्त चालवतो. "नोंग, जळतंय."

"पहिल्या की तिसऱ्या?"

"दुसऱ्या."

दुसरा झुरका मेल्चोरच्या हिशोबात कधी नव्हता. त्याने वात काढली, जरा सैल भरून दिली. जुनरी दोन दिवसांनी परत आला. त्याच्यामागे शाळेतला शिपाई आला, मग मासळीवाल्या बाईचा जावई. सगळ्यांना, मलाही, जळका वास, वर तळलेल्या आल्यासारखं काहीतरी.

"डॉक्टरच आजारी पडला वाटतं," जुनरी चारचौघांत म्हणाला. एरवी मेल्चोरने त्याला सोलून वाळत घातला असता. त्या दिवशी तो नुसती मान खाली घालून स्क्रू आवळत राहिला.

त्या शनिवारी मी गेलो तेव्हा त्याने माझं यंत्र उघडून काउंटरवर मांडलं. "आज हे सापडल्याशिवाय उठायचं नाही," म्हणाला.

आधी स्क्रू. घट्ट होते. मग कॉइल. कोरडी पेटवली, लाली मधून सुरू होऊन टोकांना सारखी गेली. तरी ती काढून नवी लावली. नवी वात, ज्यूस, झुरका. जळकं. मग ज्यूस बदलला, नवी सीलबंद बाटली. जळकं. कापसाची नवी पिशवी फोडली. जळकं. बॅटरी बदलली. जळकं. दर वेळी एकच गोष्ट. वात लावताना त्याची बोटं इतकी थरथरत होती की कापसाचं टोक कॉइलच्या तोंडाशी चार-चारदा चुकत होतं. मी बेकरीच्या भट्टीकडे बघत बसलो. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"आता वात तू लाव," तो एकदम म्हणाला.

"मी? उशी होईल तिची."

"होऊ दे. लाव."

त्याच पिशवीतला कापूस, तीच कॉइल, तोच ज्यूस. माझी वात म्हणजे खरोखर उशीच होती. मी ओढलं. एकदा, दोनदा, पाचदा. निर्मळ आंब्याचा स्वाद.

मेल्चोरने यंत्र माझ्या हातून घेऊन स्वतः ओढलं. मग कापसाचा एक बोळा स्वतः चिमटीत वळला, एक मला वळायला लावला आणि पाण्याच्या पेल्यात दोन्ही सोडले. माझा बोळा क्षणात भिजून तळाला गेला. त्याचा वर तरंगत राहिला. त्याने बोटाने खाली दाबला. तो परत वर आला.

मग त्याने आपली बोटं नाकाशी नेऊन हुंगली.

"तेल," म्हणाला. "तेलकट कापूस ज्यूस पितच नाही. मग जळेल नाहीतर काय! आणि लोकांनी ते तेल छातीत ओढलं, तोतो. माझ्या हातचं."

"नोंग, तुला काय माहीत होतं?"

"मला माहीत असायला नको?"

तो उठून मागे बेकरीच्या नळापाशी गेला. भांडी घासायचा साबण घेतला आणि कोपरापर्यंत हात घासायला लागला. सकाळी सातपासून तापलेले हात. बेकरीवाला पिठाच्या हातांनीच बाहेर धावला. हाक मारायची गरज पडली नाही, कारण नोर्मिता जेवणाचा डबा घेऊन समोरूनच येत होती.

"मेल्चोर! वेड लागलंय का तुला? बंद कर तो नळ!"

"धुऊ दे."

"दोन महिने पाळलंस, आता एका मिनिटात घालवतोस? आणि हा टायपिस्ट उभा राहून बघतोय! धर त्याला!"

मी धरलं नाही. मेल्चोरने नळ बंद केला आणि ओले हात आमच्यासमोर धरले. थरथर जेवढी होती तेवढीच होती. कमी नाही, जास्त नाही.

"दोन महिने पाणी नाही लावलं, तरी वाढलं. आज लावलं, तर जसंच्या तसं. नोर्मिता, हा पास्मो नाही."

"मग काय आहे?"

नोर्मिताने आपल्या टी-शर्टानेच त्याचे हात खसाखसा पुसायला सुरुवात केली, मोडलेलं पथ्य पुसूनच परत आणता येईल अशा घाईने.

दुपारभर तो फोन करत होता. ज्याच्या ज्याच्या यंत्रात त्या दोन महिन्यांत वात भरली होती, त्या प्रत्येकाला त्याने स्वतः सांगितलं: कापूस फेकून दे, माझ्या हाताला तेल होतं. काही दुकानात येऊन शिव्या देऊन गेले. जुनरी गुपचूप आपलं यंत्र घेऊन गेला. जुनरी गुपचूप जातो म्हणजे परिस्थिती किती वाईट आहे ते मला तेव्हा कळलं.

सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही रोहास शहरातल्या इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. हात मांडीवर ठेवा आणि वर्षाचे महिने उलटे म्हणा, म्हणाल्या. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... ऑगस्टला पोचेपर्यंत अंगठा नाचायला लागला होता. मग त्याला चालायला लावलं. चालताना उजवा हात हलत नाही, हे आमच्यापैकी कुणी कधी पाहिलंच नव्हतं. गाव सगळं त्याच्या बोटांकडे बघत होतं.

"पार्किन्सन," त्या म्हणाल्या. "गोळ्यांनी थरथर आटोक्यात राहील. पण आजार जाणार नाही."

"कशाने झाला?" मेल्चोरने विचारलं.

"सांगता येत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही, की कुणालाच?"

"तुमच्या बाबतीत कुणालाच नाही सांगता येणार."

परतीच्या बसमध्ये तो खिडकीकडे बघत म्हणाला, "एकेक गोष्ट काढत गेलं की शेवटी एक उरतेच, असं मी दहा वर्षं पोरांना सांगत आलो." मी त्याच्या गोळ्यांची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

गावाला मात्र कारण सापडलंय. भर दुपारी तापल्या हातांनी नळाखाली गेला, म्हणून साध्या पास्मोचं एवढं मोठं दुखणं झालं. बेकरीवाल्याने डोळ्यांनी पाहिलंय. नोर्मिताही हेच मानते. गोळ्या ती वेळेवर देते, पण माझ्याशी बोलत नाही, कारण मी तिथे उभा होतो आणि मी त्याला धरलं नाही. मेल्चोर कुणाची समजूत काढत बसत नाही. "त्यांना कारण तरी मिळालं," म्हणतो. "असू दे त्यांना."

मॅडम पेर्पेतुआने त्याला काढलं नाही. वापरून फेकायचे तयार व्हेप आता जास्त खपतात, ते नुसते काउंटरवर सरकवायचे. तो तीन दिवस बसला. चौथ्या दिवशी एका पोराने यंत्र पुढे ठेवून विचारलं, "नोंग, तिसऱ्या झुरक्याला जळतंय, उघडून बघतोस?" त्याने पोराला थांब म्हटलं, मागच्या दाराने बाहेर पडला आणि घरी गेला.

आता तो बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात आहे. लाद्या फोडून मासळीच्या खोक्यांत भरायच्या. मागच्या शनिवारी मी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. गमबूट घातलेला मेल्चोर फावड्याने बर्फ ओढत होता. आजूबाजूला दहाबारा माणसं हेच करत होती.

"कसं चाललंय, नोंग?"

"बरंय. इथे बर्फात सगळ्यांचेच हात थरथरतात. कुणी माझ्याकडे बघत नाही."

मी हसलो, कारण तो हसला. मग मुकादमाने हाक मारली आणि त्याने फावडं उचललं. पहिल्याच फावड्यातला बर्फ खोक्यात न पडता बाहेर जमिनीवर पडला. तो वाकला आणि हातानेच बर्फ गोळा करायला लागला.