सेल्युलॉइडच्या महालक्ष्म्या

आमच्या भासऱ्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाला, फार अक्कल आहे असं वाशीममध्ये पुष्कळ लोक म्हणत. मी त्यांच्याच घरात राहत होते, त्यामुळे माझा तसा गैरसमज कधी झाला नाही. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधी ते मुंबईला फण्यांच्या कारखान्यात काही महिने काढून आले, आणि गोठ्यातून बैल बाहेर काढून तिथे स्वतःचा कारखाना मांडून बसले. बैल त्या उन्हाळ्यात उन्हात.

त्यांचा माल म्हणजे सेल्युलॉइडचे पातळ, गुळगुळीत पत्रे. त्यांना कापराचा वास येई. जो सापडेल त्याला धरून भासरे सांगत, "हा आपलाच कापूस हाय! तिकडं तो तेजाबात टाकतात, मंग त्यात कापूर घालून कनकेसारखा मळतात, आन् लाटून त्याचा पत्रा करतात." पुढचं काम मी पाहिलेलं आहे, त्यात काही जादू नव्हती. पत्रा कढत पाण्यात धरला की ओल्या पापडासारखा लुळा पडे. तो पितळी साच्यावर बसवायचा, वरून दाबाचा स्क्रू आवळायचा आणि गार पाणी ओतायचं. साच्यावरून काढला की आकार तसाच कडक राही. फण्या केल्या, त्यांचे दात पहिल्याच वेणीला मोडले. साबणाच्या डब्या केल्या, त्यांची झाकणं बसेनात. तरी माणूस छाती काढूनच चालायचा.

मग त्यांना महालक्ष्म्या सुचल्या. आमच्याकडे भादव्यात दोन महालक्ष्म्या, थोरली आणि धाकटी, माहेरी येतात. पितळी मुखवटे बसवून, लुगडी नेसवून त्यांना तीन दिवस घरात उभं करायचं. आमचे मुखवटे सासूबाईंनी जाताना जाऊबाईंच्या, भासऱ्यांच्या बायकोच्या, ओटीत घातले होते. जाऊबाईंना मूल नव्हतं. त्या तीन दिवसांत त्यांचं बोलणंसुद्धा बदलायचं. रात्री निजताना महालक्ष्म्यांना काय हवं-नको विचारायच्या, आणि आम्ही कोणी हसत नसू.

भासऱ्यांनी साच्यासाठी नेमके तेच मुखवटे उचलले. दाबताना ते फळीवरून सरकत, म्हणून कानाच्या पाळ्यांना आरपार भोकं पाडली आणि बोल्ट घालून फळीला आवळून टाकले. जाऊबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या.

"यंदा नवे बसतीन," भासरे म्हणाले. "पितळ घासत बसनं बंद. साऱ्या वऱ्हाडात जातीन आपले मुखवटे!"

बसले नवे. गुलाबी गाल, रंगवलेले डोळे, आणि इतके हलके की वाऱ्यानं माना हलत. आरतीला जमलेल्या बायकांना भासरे देवीच्या गालावर टिचकी मारून आवाज ऐकवत होते. एवढा निर्लज्ज माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आरतीचं तबकही त्यांनीच घेतलं, कर्ते पुरुष ना! कापराची ज्योत जवळ गेली मात्र, थोरलीचा चेहरा भप्पकन पेटला. लगोलग धाकटीचा. आम्ही घागर रिती करेपर्यंत चेहऱ्यांच्या जागी काही उरलं नव्हतं. भासरे तबक टाकून केव्हाच अंगणात पोचले होते. कापूस आणि कापूर! ज्या घरात रोज वाती वळतात आणि कापूर जाळतात, तिथल्या या शहाण्याला ते दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं हे कळायला देवीचं तोंड जाळावं लागलं.

जाऊबाई गोठ्यात गेल्या. बोल्ट काढून पितळी मुखवटे मोकळे केले, धुतले, पदरानं पुसले आणि घेऊन आल्या. तेवढ्यात भासऱ्यांना शास्त्र आठवलं. दारातूनच म्हणाले, "काय करून राह्यली तू? भोकं पडली त्याइले. खंडित देवी बसवत नाहीत."

जाऊबाईंनी आपल्या कानातल्या कुड्या काढून थोरलीच्या कानात घातल्या. धाकटीसाठी मी माझ्या काढून दिल्या. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. सगळ्या बायकांसमोर, पहिल्यांदाच.

"लेकीचे कान टोचले म्हनून तिले कोनी खंडित म्हनते काय? सरका बाजूले."

भासरे सरकले.