बाहेरची हवा

“चहा येऊ द्या, मग घराचं बघू,” असं म्हणत तो चपला दाराबाहेर काढायचा आणि घरातली सगळ्यात चांगली खुर्ची पकडायचा. वयाने तो माझ्या वडिलांएवढा होता. तरीही मी त्याला अहोजाहो करून लिहिणार नाही. ते माझ्याच्याने व्हायचं नाही.

हैदराबादेत मराठी माणसाला घर घ्यायचं असलं की कुणीतरी याचाच नंबर द्यायचं. असे दलाल तुम्हीही पाहिले असतील. कडक इस्त्रीचा सफारी, हातात किल्ल्यांचा जुडगा, तोंडात सगळ्या गल्ल्यांचे भाव. फरक एवढाच की गिऱ्हाइकाच्या घरी चहा घेतल्याशिवाय तो जागा दाखवत नसे. लोकांना वाटे, किती घरगुती माणूस.

आम्ही दोघी मायलेकी तेव्हा दिलसुखनगरच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहत होतो. मी विमा कचेरीत. आई कोठी भागातल्या एका दवाखान्यात आया होती, नुकतीच निवृत्त झालेली. गुडघे गेलेले, छातीचं दुखणं मागे लागलेलं. तिचं एकच म्हणणं होतं, घर विद्यानगरात हवं. तिथून कोठीची बस मिळते, दवाखाना जवळ पडतो. “कुणाला विचारल्याबिगर भाईर पडता आलं पायजे मला,” ती म्हणायची. नांदेडहून लग्न होऊन आल्यापासून ती कुठल्या ना कुठल्या घरमालकिणीच्या कपाळावरच्या आठ्या बघतच राहिली होती.

तो आला, बसला, चहा सांगितला. आई आत गेली आणि त्याची नजर भिंतीवर गेली. तिथे बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी निळ्या कोटातला, चष्म्यातला फोटो. कुणाचा, ते तुम्हाला सांगायला नको. चहा समोर आला तेव्हा त्याने हात जोडले.

“नक्को अक्का. शुगर आहे मला.”

कपावर साय धरली. तो मात्र सुरू झाला. “विद्यानगरचं नाव सोडा. शहरात काय आहे? जुन्या बिल्डिंगा, लिफ्ट नाही, पाणी सकाळी अर्धा तास. तेवढ्याच पैशात रिंग रोडच्या पलीकडे दुप्पट जागा. क्लब हाऊस, बगीचा. आणि हवा फार छान आहे हो तिकडे. तुमच्यासाठी बाहेरचंच बरं.”

“दवाखाना किती लांब?” आईने विचारलं.

“लांब कायकू? रिंग रोडला लागलं की पोचलंच.”

दोन रविवार त्याने आम्हाला बाहेर फिरवलं. काचेचे मनोरे, मध्ये मोकळी खडकाळ जमीन, कुठे टपरी नाही की बसथांबा नाही. नमुन्याच्या फ्लॅटमध्ये आई पाय दुखतात म्हणून पलंगावर बसली, तर तिथल्या पोरीने तिला उठवलं. तो पलंग नुसता दाखवायला होता. परतताना आई म्हणाली, “घेऊन टाक. शहरात नसंलच आपल्यासाठी.” आणि मी जवळजवळ घेतलंच होतं.

ऑफिसातली माझी मैत्रीणही तेव्हा घर शोधत होती. तिच्या दारावर गणपती, घराण्यात आजोबांपासून सरकारी नोकऱ्या. ऐपत आमच्याएवढीच. एका दुपारी डबा खाताना कळलं की तिचा दलालही हाच. तिला त्याने सांगितलं होतं, “बाहेर कोण जातं का ताई? तिकडे नुसतं सिमेंट विकत घेता. शहरात शेजार मिळतो.” आणि विद्यानगरातला पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट दाखवला होता. गाडी लावायला जागा नाही म्हणून तिने तो नाकारला होता.

“शुगरचा माणूस एवढा हिंडतो म्हणजे कमालच,” मी म्हटलं.

“कसली शुगर? आमच्याकडे दोन कप ढोसले. वरून साखर मागितली.”

संध्याकाळी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मला तवाच कळलं व्हतं, कप उचलताना.”

“मग बोलली का नाहीस?”

“घर पायजे व्हतं ना.”

मैत्रिणीकडून पत्ता घेऊन आम्ही थेट मालकाकडे गेलो. तेलुगू गृहस्थ, निवृत्त प्राध्यापक, खालीच राहणारे. “पानी सुबह आता अम्मा, चलता?” एवढंच त्यांनी विचारलं. आई म्हणाली, “चलता.” तोच फ्लॅट आमचा झाला. पहिल्याच सोमवारी ती एकटी बसने कोठीला जाऊन आली आणि येताना उगाचच कोथिंबीर घेऊन आली.

बरीच वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात तो आमच्या फाटकाशी उभा दिसला. सफारी ढगळ झालेला, हातात किल्ल्या नाहीत. मुलाने विद्यानगरातलं जुनं घर विकून रिंग रोडपलीकडे बंगला घेतला होता. तिथे बोलायला माणूस नाही म्हणून हा दोन बस बदलून दाढी करायला इकडे यायचा. मी दार लावून घेणार होते. आईने त्याला वर बोलावलं.

तो त्याच फोटोंखाली बसला. आईने चहा ठेवला. त्याने तो तळापर्यंत प्यायला.

“शुगर बरी झाली का?” आईने विचारलं.

त्याने कप खाली ठेवला. “झाली,” म्हणाला.

“कशानं?”

त्याने रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग अगदी खालच्या आवाजात त्याने विचारलं, “अक्का, खालचे मालक गच्चीवरची खोली भाड्याने देतात म्हणे. माझ्यासाठी शब्द टाकाल का?”

“रिकामी झाली की सांगते. तुमच्यासारखं फिरवायची नाही मी.”

तो गेल्यावर मी आईशी भांडले. तो कप मी फेकून दिला असता. तिने तो इतर कपांबरोबर विसळला आणि त्यांच्यातच पालथा घातला.

दिवाळीनंतर खोली रिकामी झाली. आई रोज मागे लागली, शेवटी मी फोन लावला. सुनेने उचलला. तो गेला होता. छातीत कळ आली, गाडी यायला वेळ लागला, दवाखाना लांब पडला. मी काहीतरी औपचारिक बोलून फोन ठेवणार, एवढ्यात ती म्हणाली, “तुमच्या ओळखीत कुणी घर बघत असेल तर सांगा हं. आम्ही हा बंगला विकून शहरातच येतोय. हवा मात्र फार छान आहे इथे.”

आई गच्चीवरून उतरत होती. खोली झाडून आली होती. मी तिला एवढंच म्हटलं, “खोली दुसऱ्या कुणाला द्यायला सांग.”