विचारून घेतलेली रजा

माझी डाळमिल अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. छोटीच: रोलर, चाळण्या, तूर वाळवायचे अंगण आणि दहा-बारा माणसे. पगार वेळेवर देणारा, कुणाला अरे-तुरे न करणारा मालक अशी माझी ख्याती होती आणि तिच्यावर सर्वांत जास्त विश्वास माझाच होता. आपण सौम्य बोलतो म्हणजे आपण न्यायानेही वागतो, असे मला पन्नाशी उलटेपर्यंत वाटत राहिले.

रोलर सांभाळणारे आमचे मिस्त्री वडिलांच्या काळी कामाला लागले आणि माझ्या काळात म्हातारे झाले. तुरीच्या भुशाने त्यांची छाती भरत गेली. एका हंगामाच्या शेवटी मी म्हणालो, "मिस्त्री, थोडे दिवस घरी आराम करा." आराम करून ते परत आले तेव्हा त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा होता. मी त्यांना काढले नव्हते. फक्त परत घेतले नव्हते. हा फरक तेव्हा मला फार सोयीचा वाटला.

त्यांनी कामगार न्यायालयात दावा लावला. कामावर घ्या, नाहीतर इतक्या वर्षांच्या नोकरीची कायदेशीर भरपाई द्या, एवढीच मागणी.

माझे वकील अमरावतीचे. तारखेला बडनेऱ्याहून गाडी धरून येत.

"नेमणूकपत्र दिलं होतं?" त्यांनी विचारले.

"नाही. वडिलांनी तोंडीच ठेवलं होतं."

"मग तर छानच! ते तुमचे कामगार नव्हतेच. ठेक्यानं रोलरची देखभाल करायचे. मर्जीनं येणार, मर्जीनं जाणार. ठेकेदार."

आमच्याकडच्या लहान धंद्यांत जुन्या माणसाला नेमणूकपत्र न देण्याची रीत आहे. माणूस घरचा, त्याला कागद कशाला, असे आम्ही म्हणतो आणि ऐकणाराही सुखावतो. तो घरोबा एक दिवस त्याच माणसाविरुद्ध वापरता येईल, हे वडिलांच्या स्वप्नातही आले नसेल.

"पण हे खरं नाही," मी पुटपुटलो.

"ते त्यांनी सिद्ध करायचं, साहेब. सगळे मिलवाले तुमच्याकडे बघून राहिले. तुम्ही हरलात तर उद्या त्यांची माणसं रांग लावतील."

साक्षीच्या दिवशी मी पढवलेली उत्तरे शांतपणे दिली. मिस्त्री मागच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. 'ठेकेदार' हा शब्द आला तेव्हाही ते हलले नाहीत. मग त्यांच्या वकील उभ्या राहिल्या. तरुण होत्या, आवाज चढवीत नव्हत्या.

"दसऱ्याला हे दीक्षाभूमीवर जायचे. बरोबर?"

"जात असतील."

"जाण्याआधी रजा कुणाकडे मागायचे?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. मिस्त्री बौद्ध, पूजेत हात जोडत नसत. वडिलांनी तोड काढली होती: नारळ आम्ही फोडायचा आणि नंतर रिकामे रोलर एक फेरा फिरवून बंद करण्याचा मान मिस्त्रींचा. रोलर थांबले की ते हात पुसत रजा मागायला माझ्यासमोर येत. नागपूरला जाऊन येईपर्यंत मिलचा एखादा दिवस बुडे, म्हणून.

"शेठ, उद्या नागपूर."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तरी जाईन. पन इचारून जाईन."

दरवर्षी हाच संवाद आणि दरवर्षी सगळी मिल हसायची. ठेकेदार मालकाला विचारून जात नाही. त्या बाईंना एवढेच माझ्या तोंडून हवे होते.

"कुणाकडेच नाही," मी म्हणालो. "मर्जीनं जायचे."

हे उत्तर मला कुणी पढवलेले नव्हते. ठेकेदार हा शब्द वकिलांचा होता. हे वाक्य माझे होते. मिस्त्रींनी मान वर केली. "शेठ!" एवढेच म्हणाले. न्यायाधीशांनी मध्ये न बोलण्याची समज दिली.

मालक-कामगार नाते सिद्ध होत नाही, असा निकाल लागला. वकिलांनी पेढे मागितले. शेजारच्या दोघा मिलवाल्यांनी आपल्याही जुन्या माणसांसाठी ठेक्याच्या कराराचा मसुदा मागितला. मीच तो वकिलांकडून घेऊन त्यांना पाठवला.

काही दिवसांनी मी हिवरखेडला गेलो. मिस्त्री तिथे मुलीकडे राहत होते. मी पाकीट पुढे केले.

"हे कायचं, शेठ?"

"तुमचंच आहे."

"ठेकेदाराचा हिसाब त कामासंगच पुरा होते." बोलताना त्यांना धाप लागली. थांबून हसले. "मंग हे बाकी कुठून काढली?"

पाकीट आमच्या दोघांच्या मधे खाटेवर तसेच पडून राहिले. मी म्हणालो, "मिस्त्री, वर दाद मागा. तिथं मी खरं सांगतो."

"खरं सांगाले वरचं कोर्ट काहून पायजे? खालच्याले काय कान नोयते?"

आतून मुलीचा आवाज आला, "बाबा, पाव्हण्यायले चा तरी पिऊ द्या."

चहा घेतला. पाकीट परत खिशात घालावे लागले.

अकोल्याला आल्यावर मी वकिलांना फोन केला आणि आता खरे सांगितले तर काय होईल, असे विचारले. ते हसले. "शपथेवर खोटं बोलल्याचं प्रकरण तुमच्यावरच उभं राहील, साहेब. मिल सांभाळा."

फोन ठेवताना मला सुटल्यासारखे वाटले. त्या सुटकेची लाज नंतर वाटली. पण सुटका आधी वाटली होती, हे इथे लिहून ठेवले पाहिजे.