ताडपत्रीची घडी

जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानांमागं जो बोळ आहे, तिथं दीपमालाची भाड्याची खोली आहे. खोलीच्या तीन भिंती हिरव्यागार, चौथी नुसती सिमेंटची. तिसरी भिंत मारून झाली आणि तिच्या नवऱ्याला, ट्रक चालवणाऱ्या भारतला, गाडीमालकाचा फोन आला, सळई भरून तयार आहे, निघ. डिझेलच्या चिंधीनं हात पुसत भारत म्हणाला, "ही चौथी आल्यावर मारतो." रंगाच्या डब्याचं झाकण त्यानं टाचेनं ठोकून बसवलं आणि गेला. तेव्हा थंडी होती. आता बोळातल्या बायांनी माठ काढले होते, आणि झाकण तसंच ठोकलेलं होतं.

जालन्यातून लोखंडाच्या गाड्या साऱ्या मुलखात जातात. जाताना माल ठरलेला असतो, येतानाचा नसतो. मालकाचं सांगणं एकच, खाली गाडी पळवायची न्हाई, जिकडचा माल भेटंल तिकडं जायचं. त्यामुळं भारत केरळात सळई उतरवून विशाखापट्टणला गेला, तिथून रायपूर, रायपूरहून इंदूर. इंदूर म्हटल्यावर दीपमालानं गादीला नवी खोळ घातली. पण इंदुरात त्याला माल मिळाला तो कर्नूलला न्यायचा.

"शहागडवरून जाईन," भारत फोनवर म्हणाला. "रस्त्यावर येशील का?"

शहागड म्हणजे आपल्याच अंबड तालुक्यातलं, गोदावरीच्या पुलाचं. दीपमाला भाकरी आणि ठेच्याचा डबा घेऊन एसटीनं अंबडला गेली, तिथून दुसऱ्या गाडीनं शहागडला. ढाब्यामागं गाडी लावून भारत वाट बघत होता. केबिनमध्ये पाय वर घेऊन दोघं जेवली. त्याची दाढी वाढली होती, आणि एका बाहीची शिवण उसवली होती. सुई असती तर तिनं तिथंच टाका घातला असता.

"आपल्या जिल्ह्यातून चालले अन् घरी येता येईना," ती म्हणाली. "जालन्याचाच माल कामून न्हाई घेत?"

"दलाल देईल तो घ्यायचा. आपल्या हातात स्टेरिंग, बाकी सगळं त्याच्या."

"मंग दलाल कोन होत असतो?"

भारतनं डब्याला लागलेला ठेचा बोटानं पुसून घेतला. "ज्याच्याकडं फोन हाय अन् शिव्या खायचा दम हाय, तो."

गाडी पुलावर चढून दिसेनाशी झाली. दीपमाला तो रिकामा डबा मांडीवर घेऊन परत आली. कुंभार पिंपळगावच्या शाळेत ती दहावीपर्यंत शिकली होती, भूगोलात बरी होती. त्या प्रवासात तिनं ठरवलं, की जालन्याकडं येणारा माल आपण शोधायचा.

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, कडेला पत्र्याच्या दुकानात बदरोद्दीनचाचा बसतात. अर्धं आयुष्य त्यांनी गाड्या लावण्यात, म्हणजे मालाला गाडी जमवून देण्यात, घालवलं. दीपमाला त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चाचा, मला हे काम शिकवा."

बदरोद्दीननं पान या गालातून त्या गालात सरकवलं. "बेटी, हे लग्न जमवण्यावानी काम हाय. मालाला गाडी पायजे, गाडीला माल पायजे. शिव्या दोन्हीकडच्या खायच्या. फरक इतकाच, इथं नवरदेवाला दर हप्त्याला नवी नवरी लागती."

"जमवल्यात की लग्नं. दोन नणंदांची."

"टिकली का?"

"एक टिकली."

"मंग बस. आमच्यात इतकं बी टिकत न्हाई."

ती रोज सकाळी जाऊन बसायला लागली. कोणत्या गाडीत किती टन बसतो, कोणत्या रस्त्याला भाडं चढतं, मोसंबीची गाडी एक तास उभी ठेवली तर काय होतं, हे ऐकून ऐकून कळत गेलं. बदरोद्दीननं शिकवलं असं एकच. "'गाडी लागली' म्हनलं की लागली. त्याच्या बाद सगा भाई आला तरी त्याला चाय पाज, माल नको देऊ. आपल्याकडं गोदाम न्हाई, तराजू न्हाई, नावाची पाटी न्हाई. फकत जबान हाय. ती गेली की मंग त्या फोनवर नुसता रेडिओ ऐकायचा."

मग ती खोलीवरूनच फोन करायला लागली. सुरुवातीला ड्रायव्हर बाईचा आवाज ऐकला की फोन ठेवून द्यायचे, त्यांना वाटायचं कर्जवाल्या कंपनीची पोरगी आहे. दीपमाला पुन्हा लावायची आणि आधीच सांगायची, "कर्ज देत न्हाई, माल देते." हळूहळू ओळखी झाल्या. तिच्या फोनवर मागं कुकर वाजायचा, कुणी दारात भांडी घासायचं, मेथीवाला ओरडायचा. कुठं तमिळनाडूत टायरच्या सावलीत पडलेला ड्रायव्हर कामाचं बोलून झालं तरी फोन ठेवायचा नाही.

"वहिनी, काय शिजून राह्यलं?"

"वरण."

"फोडणी दिली का?"

"देते. धरा जरा."

आणि तो खरोखर धरायचा. फोडणीचा आवाज ऐकून मग म्हणायचा, "हाव, बराबर. लसूण घातला."

चाचांच्या ओळखीवर तिनं चार-पाच गाड्या जालन्याला आणल्या. परतूरचा एक जण आला, बदनापूरचा आला, मंठ्याचे दोघं भाऊ एकामागं एक आले. पोरासाठी घेतलेली खेळणी दाखवून आपापल्या घरी गेले. शेजारची प्रभावती म्हणायची, "बाई गं, साऱ्या जिल्ह्याचे नवरे घरी आनून राह्यली, तुझा कवा येणार?" ती चेष्टेनं म्हणायची. दीपमालाही हसायची. भारत नेमका भलत्याच गावी असायचा. बेळगावहून जालन्याला येणारा माल हाताशी आला तर तो नेल्लोरला, नेल्लोरहून येणारा आला तर तो वाटेत.

मग कळलं की तो कोइमतूरला चाललाय. त्याला अजून पोचायला वेळ होता. दीपमाला रिक्षा करून एमआयडीसीत गेली आणि कारखान्यांच्या फाटकावर विचारत फिरली, कोइमतूरहून भंगार कोण आणतं. जालन्याच्या भट्ट्यांना भंगार लागतंच, कुणीतरी आणतच असणार. एका वॉचमननं शेठचं नाव सांगितलं. शेठनं पहिल्या वेळी भेट दिली नाही, दुसऱ्या वेळी पाणी दिलं, तिसऱ्या वेळी म्हणाला, "गुरुवारी एक गाडी भरायची आहे तिथून. चार वाजेपर्यंत खाली झालेली गाडी सांगा. नाही जमली तर परत येऊ नका, बाई. माझे जुने लोक आहेत."

ही तिची स्वतःची पहिली पार्टी, चाचांची नव्हे. आणि माल कोइमतूर ते जालना. खोलीवर येऊन तिनं रंगाचा डबा हलवून पाहिला. आत अजून डचमळत होतं.

गुरुवारी सकाळी भारतची गाडी खाली, म्हणजे रिकामी, व्हायला लागली. आता इथं एक गोष्ट होती. भारतच्या उस्तादानं त्याला शिकवलेलं, की ताडपत्रीची घडी होऊन दोर गुंडाळला जाईस्तर गाडी खाली झाली असं तोंडातून काढायचं नाही. उस्तादानं एकदा काढलं होतं, तर दोन नग उरलेले असताना क्रेन मोडली आणि आठवडा गेला. तेव्हापासून त्याचे सगळे चेले विचारणाऱ्याला एकच सांगतात, "चालू हाय." मग वर डोंगर असो की एक गठ्ठा.

जालन्याच्या मालाचं तिनं त्याला आधीच सांगितलं होतं. दुपारी दीपमालानं फोन केला. "झाली का?"

"चालू हाय."

तासानं पुन्हा. "किती ऱ्हायलं?"

"चालू हाय म्हनलं ना, दीपे."

खोदून विचारावं असं तिच्या ओठांवर आलं. पण तीही त्याचीच बायको. आपणच अपशकून कशाला करा, म्हणून गप्प बसली. तिकडं कोइमतूरला, भारतची गाडी उभी होती त्याच पार्किंगमध्ये अंबडचा तातेराव रिकामी गाडी घेऊन कधीचा पडून होता. तिच्या ओळखीचा होता, फोडणी ऐकणाऱ्यांतला. चार वाजायला आले. तिनं बदरोद्दीनला फोन लावला.

"चाचा, थांबू का?"

"कुनासाठी? मालासाठी का नवऱ्यासाठी?"

तिनं रंगाच्या डब्याकडं बघितलं.

"बेटी, शेठ न्हाई थांबनार," चाचा हळू म्हणाले.

शेवटचा एकदा भारतला लावला. पलीकडं लोखंडाचा खणखणाट आणि भारतचा दम लागलेला आवाज. "चालू हाय, चालू हाय." खणखणाट एवढा, की तिला वाटलं अजून अर्धी गाडी भरलेली असेल. तिनं तातेरावला फोन केला, भाडं ठरवलं आणि म्हणाली, "गाडी लागली." मग शेठला गाडीचा नंबर दिला. शेठ म्हणाला, "ठीक."

दहाएक मिनिटांत भारतचा फोन आला. तो हसत होता. "घडी झाली. दोर बी गुंडाळला. हमालांसंगं मी सोता खांदा लावला, म्हनून तर इतक्या जल्दी झालं. बोल, कुठं लावू गाडी?"

दीपमाला उभी होती, खाली बसली.

"लावली म्या. दुसऱ्याची."

मागं कुणी तमिळ बोलत होतं.

"कोनाची?"

"तातेरावांची."

"माझ्या म्होरंच उभा हाय, निळ्या गाडीवाला. दाढी करून राह्यलाय. मी बोलतो त्याला, देईल सोडून."

"न्हाई. नका बोलू. म्या शब्द दिला."

"शब्द म्या बी दिल्ता की," भारत म्हणाला. "भिंतीचा." आणि थोड्या वेळानं, "दलालीणबाई, आमचा नंबर कवा लागंल तेवढं सांगून ठेवा." फोन कट झाला.

खणखणाट आठवून तिला आता कळलं, तो शेवटच्या गठ्ठ्यांचा होता. भारत खांद्यावर घेऊन टाकत असेल.

दिवे लागायच्या वेळी तातेरावचा फोन आला. "वहिनी, मला भारतनं काही सांगितलं न्हाई. पर पार्किंग केवढीशी, सगळं कळतं. हा माल त्याच्या गाडीला लावा तुम्ही. मी बघतो दुसरं."

तिच्या हातात होतं आता. दिलेला शब्द तिनं मोडायचा नव्हता, घेणाराच परत करत होता. शेठला फक्त नंबर बदलून सांगायचा. पाच-सहा दिवसांत दारात चप्पल वाजली असती. तिनं सिमेंटच्या भिंतीकडं बघितलं.

"तातेराव, तुम्ही घर सोडून किती दिवस झाले?"

"मोजत न्हाई, वहिनी. मोजले की लांबत्यात."

"दाढी झाली का करून?"

तातेराव ओशाळला. "हाव. 'गाडी लागली' म्हनल्या तुम्ही, म्हनून केली."

"मंग भरा गाडी," दीपमाला म्हणाली. "अन् सावकाश या."

भारतला दुसऱ्या दिवशी मोटारपंप मिळाले, कलकत्त्याला न्यायचे. त्यानं एवढंच कळवलं, "कलकत्ता." तिनं "बरं" म्हटलं. कलकत्ता किती लांब ते तिला भूगोलापासून माहीत होतं.

तातेराव आला तेव्हा भट्टीवर भंगार उतरवून, अंबडला जायच्या आधी बोळात आला. काखेत एक गाठोडं होतं. "भारतनं दिलं. म्हनला, घरी दे." चहा पिताना त्यानं खोलीभर नजर फिरवली. "ही भिंत कामून अशी, वहिनी? रंग हाय का? दुपारपर्यंत मारून देतो, मंग जातो."

"ऱ्हाऊ द्या ती. तुमची मानसं वाट बघत असतील."

तो गेल्यावर तिनं गाठोडं सोडलं. मळके कपडे होते. दोन पँटी, बनियनं, एक चादर, आणि तळाशी तो शर्ट, ज्याची बाही उसवली होती. त्याच्या छातीवर हिरव्या रंगाचे वाळलेले शिंतोडे. डिझेलचा, घामाचा, बिडीचा वास. तिनं बाकीचं सगळं बादलीत भिजत घातलं. शर्टाच्या बाहीला टाका घातला, आणि तो न धुताच सिमेंटच्या भिंतीवरल्या खिळ्याला अडकवला. मग फोन घेऊन बसली. शेठला विचारलं, "कलकत्त्याहून येतं का तुमच्याकडं काही?" शेठ म्हणाला, आपल्याकडं नाही, पण एकाचं येतं, नंबर देतो. त्या एकानं दुसऱ्याचा दिला. दुसऱ्यानं, नागपुरापर्यंतचं चालेल का, असं विचारलं. नागपूर तर नागपूर, तिथून जालना लांब नाही. ती म्हणाली, "गाडी कवा खाली होती ते विचारून सांगते."

भारतला फोन लावला. मागं हमालांचा गलका होता.

"काय चाललंय?"

"चालू..." तो म्हणाला आणि थांबला. गलक्यातून चालत बाजूला आल्यासारखा त्याचा श्वास ऐकू आला. "दीपे, बारा पेट्या हायत अजून. ताडपत्री तशीच पसरून पडलीय. पर तू गाडी खाली झाली समज."

तिनं खिळ्यावरच्या शर्टाकडं पाहिलं. "उस्ताद काय म्हनंल?"

"म्हनू दे. आमचा नंबर लाव."

"थांबा तिथंच," दीपमाला म्हणाली. "अजून माल पक्का न्हाई. म्या बघून राह्यले."

त्यानं फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. कुकरची शिट्टी झाली, आणि तिकडं कलकत्त्यात तो ती ऐकत राहिला.