मडावीभाऊसंगचा डाव आज संपला

मित्रहो, आज दुपारी बुद्धिबळात जिंकलो, आन् तवापासून करमूनच नाई राह्यलं.

मडावीभाऊ ऊर्जानगरातले, वीज केंद्राच्या कॉलनीतले माहे शेजारी. पटावरची मधली घरं मुद्दाम मले सोडायचे आन् कोपऱ्यातून उंट रोखून बसायचे. पुस्तकात याले हायपरमॉडर्न बचाव म्हणतात. मी हावरटासारखी प्यादी पुढं रेटायचो, ते एकेक खुडून घ्यायचे.

रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, एटापल्लीकडं गावाले गेले. जाताना काळ्या सोंगट्या घेऊन गेले, पांढऱ्या माह्याकडं ठेवल्या. मी काळ्यांच्या जागी बाटल्यांची झाकणं मांडली.

गावात नेटवर्क नाई. बाजाराच्या दिवशी एटापल्लीले आले का फोनवर एक चाल सांगायचे. एक मी सांगायचो. मंग गप्पा.

या डावात मी प्यादी रेटलीच नाई, जागीच सांभाळली. आठ महिने लागले.

आज भाऊ म्हणाले, "हारलो बा. शिकला तू."

"नवा डाव लावू ना, भाऊ?"

"नाई रे. पटावरची घरं दिसत नाई आता. पुरे."

पुढच्या बाजाराले फोन येनार नाई.

खरं सांगतो, जिंकायची चाल मले मागच्या बाजारालेच दिसली होती. तुमी असता तर आज मुद्दाम चुकले असते का?